जंत मीच हाकलले

मी गोव्यातल्या साखळी गावाजवळच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर बोलतोय. जरा ऐकून घ्या, कारण इथे माझं कुणी ऐकत नाही. सगळे नुसत्या माझ्या लेंड्या तपासतात.

जन्म पिंजऱ्यातच झाला. मुळगावच्या शेतातले उंदीर म्हणे मजेत भात कुरतडतात. माझ्या वाट्याला कोरड्या गोळ्या आणि बाटलीतलं पाणी. तरी तक्रार नव्हती. मग संशोधन करणाऱ्या सेजलबाईंनी सुई टोचून जंतांची पिल्लं माझ्या अंगात सोडली. ती फुप्फुसातून फिरून आतड्यात बिऱ्हाड थाटून बसली. वर अंडी घालायला लागली!

"शरीर कसं लढतं ते बघायचंय," बाई म्हणाल्या. बघा की! लढायचं मात्र मी.

लढलो हो. आतडं सुजलं, खाणं सुटलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून आल्या, आतड्यात बुळबुळीत थर सुटला आणि जंतांची पकड सुटली. एके सकाळी सगळे बाहेर! पण बघायला होतं कोण? चवथ आली होती. सगळं कॉलेज गणपतीला घरी.

त्यानंतर पिंजरे साफ करणारी कमलाक्षी आली आणि तिने माझ्या बाटलीत कसलंसं कडूजहर पाणी ओतलं.

सुट्टी संपली. लेंडीत एकही अंडं नाही हे बघून सेजलबाई खूश झाल्या. तेवढ्यात कमलाक्षी कौतुकाने म्हणाली, "जंत जाले की आमी भुरग्यांक किराईत दितांव. ह्याकाय काडो दिलो. बापडो!"

बाईंनी हातातली वही टेबलावर आपटली. "मावशे, म्हजो सगळो प्रयोग इबाडलो मगो!"

जंत शरीराने घालवले की पोरांना देतात त्या किराईताच्या कडू काढ्याने, हे आता कसं कळणार? अहो, मला विचारा ना! मी जीव तोडून ओरडलो.

"भूक लागल्या ताका," म्हणत कमलाक्षीने आणखी गोळ्या टाकल्या.

शेवटी बाईंनी मला पुन्हा जंत टोचले. खरंच लढलेलं शरीर जंतांना ओळखतं आणि दुसऱ्या खेपेला झटपट हाकलतं म्हणे. मला मान्य आहे, मी तयारच आहे. पण या वेळी लेंड्यांवर भागणार नाही, आतडं कापून बघावं लागेल, असं बाई हळूच म्हणाल्या. कमलाक्षी तेव्हापासून पिंजऱ्याशी येते आणि पदराने डोळे पुसते. आता रडून काय उपयोग?

माझं म्हणणं खरं ठरेल आणि ते बघायला मीच नसेन, याचा मला भयंकर राग येतो. सेजलबाई, आतडं उघडाल तेव्हा नीट बघा. एकही जंत सापडणार नाही. तेव्हा एवढंच करा, हे या उंदराने केलं असं मोठ्याने म्हणा, कमलाक्षीला ऐकू जाईल असं.