तक्रार नाही

जाडजूड, कोपरे झिजलेला आणि पाठीला चिकटपट्टी लावलेला असा मी एक जुना ग्रंथ आहे, मित्रांनो. माझ्यात गोष्टी नाहीत की कविता नाहीत. माझ्यात आहेत आजारांचे क्रमांक. डॉक्टर आजाराचे नाव लिहितात आणि इस्पितळाच्या नोंदणी खोलीत बसलेली माणसे त्या नावाचा ठरलेला क्रमांक शोधून कागदावर चढवतात.

छापखान्यातून आलो तेव्हा माझा थाट काय वर्णावा! मला उघडण्याआधी माणसे हात पुसत. पुढे संगणक आला. दोन अक्षरे दाबली की क्रमांक पडद्यावर हजर! वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मला दाराला टेकवून ठेवू लागले. फक्त नोंदणीच्या ताई मला विसरल्या नाहीत. "संगणक क्रमांक सांगतो, पण खालची बारीक टीप यातच नीट वाचता येते," असे म्हणून त्या मला उचलून टेबलावर घेत.

एके दिवशी दुपारी ताईंचे वडील तपासणी आटोपून खोलीत आले. पस्तीस वर्षे त्यांनी बस चालवली होती. हातातला कागद त्यांनी लेकीपुढे टाकला.

"हे घे. सगळं ठणठणीत आहे."

कागदावर डॉक्टरांनी लिहिले होते, ‘प्रोस्टेट वाढलेली. तक्रार नाही.’

मित्रांनो, प्रोस्टेट ही पुरुषांच्या शरीरातली अक्रोडाएवढी ग्रंथी. ती मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि लघवीची नळी तिच्यातूनच जाते. उतारवयात ती पुष्कळांची वाढते. वाढली म्हणजे कर्करोगच झाला, असे मुळीच नाही. पण नळी दाबली गेली तर लघवी अडते. माझ्या पानात तिचा क्रमांक ‘एन चाळीस’. पुढे शून्य लावले तर त्रास नाही, एक लावला तर त्रास आहे.

ताईंना ते ‘तक्रार नाही’ पटेना. तपासणीआधी तासभर बाबा याच खोलीत बसले होते आणि तेवढ्यात तीनदा लघवीला जाऊन आले होते. पाणी पिणे त्यांनी कमी केले होते. जन्मभर बस चालवलेला हा माणूस हल्ली अर्ध्या तासाच्या प्रवासालाही नको म्हणत होता.

"बाबा, डॉक्टरांनी त्रास विचारला नाही?"

"विचारला की. नाही म्हटलं. वयच आहे ते. आणि असलं काही चारचौघांत बोलायचं असतं का?"

"मग मला सांगा."

"तुला?" बाबांनी मान फिरवली. "लेकीला सांगायच्या गोष्टी आहेत का या?"

ताईंच्या मनात असूनही त्यांना शून्याचा एक करता येणार नव्हता. डॉक्टरांनी लिहिले नाही ते नोंदवायचे नाही, हा तिथला नियम. मग त्यांनी माझे ते पान उघडले. तिथे त्रासांची यादी होती. धार बारीक होणे. जोर करावा लागणे. पुन्हा पुन्हा जावे लागणे. पूर्ण मोकळे न वाटणे. त्यांनी पेन्सिल पानावर ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"बोलू नका. नुसत्या खुणा करा."

माझी तर पाने धडधडत होती म्हणा ना! मग पेन्सिल टेकली. एक खूण. दुसरी. तिसरी. चौथी खूण करून बाबांनी पेन्सिल खाली ठेवली.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "कालपासून थेंब थेंबच होतेय गं."

ताईंनी मला बाबांच्या काखेत दिले आणि दोघे तसेच डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी खुणा पाहिल्या, पोट दाबून पाहिले आणि लगेच सोनोग्राफी केली. मूत्राशय तुडुंब भरलेले होते. मूत्रपिंडांना सूज येऊ लागली होती.

"आजोबा, अजून आठवडा काढला असतात तर जिवावर बेतलं असतं," डॉक्टर म्हणाले. नळी घालून त्यांनी लघवी मोकळी केली आणि कर्करोग नाही ना, हे पाहायला रक्त तपासायला पाठवले.

अहवालाला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत ताईंनी माझे कर्करोगाचे पान तीनदा उघडले आणि तीनदा मिटले. जेवणाचा डबा तसाच घरी परत जाई. चौथ्या दिवशी डॉक्टर स्वतः खोलीत आले.

"अहवाल चांगला आहे. संशय घ्यावा असं काही नाही."

ताई लहान मुलीसारख्या रडल्या. आपल्या माणसाची नोंद आपण करू नये म्हणून शेजारच्या सहकाऱ्याने क्रमांक लिहिला, एन चाळीस, पुढे एक. गोळ्या सुरू झाल्या, पुढे नळीही निघाली.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. माझी पाने हळुवार उलटा, एवढे मागणे आहेच. पण त्याहून मोठे मागणे दुसरे. तुमच्या घरातले एखादे मोठे माणूस पाणी कमी पिऊ लागले, बाहेर जायचे टाळू लागले, तर त्याच्याजवळ बसून विचारा. ‘काही नाही’ असे उत्तर आले, तर दुसऱ्यांदा विचारा.