समोरच गाडी उभी असते

शेवटी तळं पाहिलं ते चौकशीवाल्यांच्या बायकोने, चौकशीवाल्यांनी नाही. मात्र हा विषय त्यांच्या घरात निघत नाही. निघालाच, तर पंखा हल्ली किती आवाज करतो याकडे कुणीतरी लगेच सगळ्यांचं लक्ष वेधतं. तेव्हा आपणही असं काही घडलंच नाही असं धरून चालू.

बस घाटाच्या चढाला लागली होती आणि चौकशीवाले दर वळणाला मान उंच करून ड्रायव्हरच्या काचेतून पुढे पाहत होते.

"अहो, जरा बाजूला बघा की. काय झाडी आहे," खिडकीला नाक लावून बायको म्हणाली.

"झाडी कुठे पळून जात नाही. हा ड्रायव्हर किती रेंगाळतोय ते बघ."

"मग जावईबापूंची गाडी घ्यायला काय झालं होतं? बिचारे किल्ली हातात घेऊन दारात उभे होते."

चौकशीवाल्यांनी पुन्हा मान उंच करून पुढे पाहिलं. सकाळपासून या प्रश्नाची उत्तरं देऊन झाली होती आणि एकही लागू पडलं नव्हतं.

बसस्थानकावरच्या चौकशी खिडकीत त्यांचं उभं आयुष्य बसून गेलं होतं. समोर काच, काचेला अर्धचंद्राकृती फट, फटीशी माइक. जंगलातलं तळं बघायला निघालेल्या प्रत्येकाला ते एकच सांगत. "गाडी भाड्याने करू नका. आपली बस आहे. फाट्यावर उतरा. उतरलात की समोरच तळ्याची गाडी उभी असते. चुकलीच तर डाव्या हाताची पायवाट धरा, जवळच आहे." हे इतकं तोंडात बसलं होतं की एकदा ते झोपेत "चुकलीच तर" म्हणाले आणि शेजारून बायको झोपेतच "डाव्या हाताची" म्हणाली. स्वतः मात्र ते कधी गेले नव्हते. सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, आणि गर्दी म्हटली की खिडकी आलीच.

आता ती खिडकी बंद होणार होती. तिच्या जागी यंत्र बसणार होतं. बटण दाबा, आवाज येईल. साहेब म्हणाले होते, "आवाज तुमचाच भरू. तुमची वाक्यं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." चौकशीवाल्यांना खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण ते घरी येऊन आपलीच वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणून बघू लागले. माणूस चुकला तर दुसऱ्या दिवशी सुधारतो. यंत्र तेच तेच म्हणत राहणार. आपण सांगतो ते खरं आहे ना, एवढं एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावं, म्हणून ते बसने निघाले होते. बायको तळं बघायला चालली होती. ते आपलं वाक्य बघायला.

शेवटचं वळण आलं. फाटा दिसला. आणि समोर खरोखरच गाडी उभी होती.

चौकशीवाल्यांनी बायकोचा हात दाबला. "बघ. म्हटलं नव्हतं?"

त्या क्षणी समोरच्या गाडीने धूर सोडला, ती हलली, आणि रस्त्याने झाडांत दिसेनाशी झाली.

ते सगळ्यांत आधी खाली उतरले आणि आपल्याच बसच्या कंडक्टरला दारात अडवून म्हणाले, "अहो, ती निघाली कशी?"

"आपण आलो म्हणून."

"म्हणजे?"

"तिला हुकूम आहे. ही गाडी आली की ती सुटेल. ही आली, ती सुटली."

"पण माणसांनी उतरून तिच्यात बसायला नको?"

कंडक्टरने विचार केला. "हुकुमात बसण्याचं काही नाही."

"आणि हे रोजचं?"

"रोजचं. आम्हाला उशीर झाला तर ती खोळंबून राहते बिचारी. पण आम्हाला बघितल्याशिवाय जायची नाही." त्याच्या आवाजात कौतुक होतं. "शिस्त आहे म्हणून चाललंय."

"लोक तक्रार करत नाहीत?"

"करतात की. तो चौकशीवाला आहे ना खाली, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो इथे."

बायकोने पिशवीत काहीतरी शोधायला घेतलं. ते बराच वेळ सापडलं नाही.

फाट्यावर एक चहाचं दुकान होतं, आणि आडगावच्या मानाने फारच ऐसपैस. पत्र्याचं छप्पर, बाकांच्या दोन रांगा, मागे पक्क्या खोल्या. बसमधून उतरलेली माणसं सवयीने बाकांवर जाऊन बसली.

"दोन चहा द्या," चौकशीवाले म्हणाले.

चहावालीचा हात गाळणीवर थांबला. "परत बोला."

"दोन चहा."

"आणखी थोडं बोला. 'उतरलात की' म्हणा."

"कशाला?"

"म्हणा तर."

"उतरलात की समोरच..." चौकशीवाले पुटपुटले.

"अगं बाई, तुम्हीच ते. दर बाजाराला खाली स्टँडवर हाच आवाज ऐकते मी." तिने फडकं घेऊन स्वतः बाक पुसलं. "बसा. पैसे द्यायचे नाहीत. अहो, आधी मी इथे किटली घेऊन उन्हात उभी राहायची. तुम्ही माणसं पाठवायला लागलात, गाडी त्यांना टाकून जायला लागली, माझं बस्तान बसलं. तुमचा चेहरा माहीत नव्हता, नाहीतर फोटो लावला असता."

बाकांवरची माणसं वळून पाहू लागली. चौकशीवाल्यांनी चहात तोंड घातलं. चहा कढत होता, तरी त्यांनी ते बाहेर काढलं नाही.

"माझा दीर जीप लावतो तळ्यापर्यंत," चहावाली म्हणाली. "तुम्हा दोघांना फुकट."

बायको उठलीच. चौकशीवाल्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "खासगी जीपने? चौकशीवाल्याची बायको?"

"चौकशीवाल्याच्या बायकोला गुडघे आहेत. तुमच्या खिडकीला नाहीत."

"थोडं थांब. गाडी परत येईल."

"येईल, आणि पुढची बस दिसली की जाईल. मी ऐकलंय सगळं." मग ती जरा मऊ झाली. "चला ना हो. एवढी वर्षं लोकांना पाठवलंत. आज आपण दोघं मिळून बघू."

"तू हो पुढे. मी पायवाटेने येतो. तुझ्या आधी काठावर असेन."

"बघा हं. मी तुमच्याशिवाय बघणार नाही. पाठ करून उभी राहीन."

जीप गेली. चौकशीवाल्यांनी शर्ट नीट खोचला आणि डाव्या हाताला वळले.

"तिकडे कुठे?" चहावालीने हाक मारली. "तळं उजवीकडे. डावीकडे रोपवाटिका आहे."

"डावीकडे पायवाट आहे ना?"

"आहे की, चांगली मळलेली. सगळे तिकडेच जातात. चौकशीत तसं सांगतात म्हणे." मग आपण कुणाला काय सांगतोय हे तिच्या ध्यानात आलं आणि तिने स्टोव्हला जोरात पंप मारायला घेतला.

चौकशीवाले उभ्या जागी थिजले. आधीच्या चौकशीवाल्यांनी त्यांना हा रस्ता शिकवला तो टेबलाच्या पलीकडे बसून, हात पसरून. "या अंगाला वळायचं." त्यांचा हात ज्या अंगाला गेला, ते अंग यांच्या डावीकडे होतं. शिकवणारे समोर तोंड करून बसले होते. एवढंच झालं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं, आणि तेही दुसऱ्याचा हात.

अजून वेळ होता. उजवीकडे वळून झपाझप गेले असते तर जीपच्या मागोमाग पोचले असते. पण डावीकडची वाट इतकी मळलेली होती की त्यांना तिच्याकडे पाठ करवेना. माणसांच्या पायांनी गवत पार उडालं होतं. या सगळ्यांना आपण पाठवलं. निदान कुठे पाठवलं ते तरी बघून यावं. ते डावीकडे निघाले.

जंगल सुंदर होतं. हे त्यांना दिसलं आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला. उंच झाडं, मध्येच उन्हाचे कवडसे, कुठलासा पक्षी एकच सूर धरून बसलेला. वाट संपली तिथे रोपांच्या काळ्या पिशव्या ओळीने मांडल्या होत्या आणि मधोमध सिमेंटचं चौकोनी टाकं होतं. पाणी हिरवं होतं. एका कडेला नळ होता.

टाक्याच्या काठावर एक नवं जोडपं बसलं होतं.

"काका, हेच ना तळं?" मुलाने विचारलं.

चौकशीवाल्यांनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांत एखाद्या प्रश्नाला त्यांना एवढा वेळ कधी लागला नव्हता.

"मला वाटलं होतं मोठं असेल," मुलगी म्हणाली. "पण शांत आहे. मला आवडलं."

"हेच," चौकशीवाले म्हणाले.

"आमचा एक फोटो काढाल?"

त्यांनी फोन घेतला. दोन पावलं मागे गेले, एक पाऊल बाजूला सरकले, नळ दिसू नये म्हणून गुडघ्यावर बसले. फोटो चांगला आला. मुलीने तीनदा आभार मानले.

ते फाट्यावर परतले तेव्हा बायको बाकावर बसली होती. चपलांना ओला चिखल होता.

"पायवाट लांबली," ते म्हणाले.

"मी पाठ करून उभी होते," ती म्हणाली. "जीपवाला हॉर्न वाजवायला लागला, तेव्हा वळले."

"कसं आहे?"

"मोठं आहे." चपलेचा चिखल बाकाच्या पायाला पुसत तिने विचारलं, "तुम्ही बघितलंत?"

"बघितलं."

तिने मान डोलावली. परतीच्या वाटेवर, उताराला बस वळली की दोघांचे खांदे एकमेकांना लागत. दर वेळी ती अलगद सावरून बसत होती.

पुढच्या आठवड्यात यंत्रात आवाज भरायला एक तंत्रज्ञ आला. चौकशीवाल्यांनी सगळ्या गाड्या एका दमात सांगितल्या. तळ्याचं बटण आलं तेव्हा पाणी प्यायले, उजव्या हाताची पायवाट सांगितली आणि थांबले.

"झालं?" तंत्रज्ञाने विचारलं.

"एक निवेदन राहिलंय," ते म्हणाले, आणि माइक जवळ ओढला.

"प्रवाशांना नम्र विनंती. या खिडकीवरून ज्यांना आजवर डाव्या हाताने पाठवण्यात आलं, अशा सर्व प्रवाशांनी, ते सध्या जिथे कुठे असतील तिथून, कृपया फाट्यावर परत यावं. त्यांना तळं दाखवण्यात येईल."