एकदाच विचारलं

परीक्षितचं बेसबॉल अखेर संपलं तेव्हा तो एक्केचाळीस वर्षांचा होता. अकरा वर्षं मायनर लीगच्या दुय्यम संघांत कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा उकिडवा बसून गुडघ्यांची वाट लावून घेणारा, आणि पुढची आठ वर्षं तिथंच कोच. छोटी गावं, बसचे लांबलचक प्रवास, आणि मेजर लीगचं बोलावणं आज ना उद्या येईल ही आशा. यंदा क्लबनं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. तो बॅगा उचलून कॅरी गावी आईबाबांकडे आला.

बोलावणं एकदा आलं होतं, नाही असं नाही. चौदा वर्षांपूर्वी मोठ्या संघाचा एक कॅचर जखमी झाला आणि परीक्षितला वर घेतलं. शनिवारी संध्याकाळी आणि लगेच रविवारी दुपारी सामना असला की मुख्य कॅचरला रविवारी विश्रांती देतात, ही तिथली रीतच. म्हणजे रविवार परीक्षितचा. त्याच्या बाबांनी, शशिकांतांनी, पुण्यात क्लब क्रिकेटचं स्कोअरिंग केलेलं. त्यांनी स्कोअरबुकाच्या कोऱ्या पानावर मुलाचं नाव घालून ठेवलं आणि रविवारी पहाटेचं विमान पकडलं. उतरले तर फोन आला, की जखमी कॅचर परतलाय आणि परीक्षितला खाली पाठवलंय. एकही सामना नाही, म्हणून रेकॉर्डमध्ये नाव नाही. तेव्हापासून शशिकांत त्या संघात कोण खेळणार हे ठरवणाऱ्या मॅनेजर हॅगर्टीला पाण्यात पाहत आले होते. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरती चुकेल, पण हॅगर्टीचा उद्धार चुकायचा नाही.

परीक्षित घरी आला त्या दुपारी जेवायला श्रीखंड-पुरी होती. आई, अहिल्याबाई, आत पुऱ्या तळत होत्या. परीक्षितचा फोन वाजला, तो हॅगर्टीचाच. म्हाताऱ्यानं बातमी ऐकून आपणहून चौकशी केली होती. परीक्षित त्याच्याशी हसून बोलला आणि शशिकांतांचं डोकं फिरलं.

"त्या माणसाशी बोलतोस कसा तू? एक इनिंग दिली नाही त्यानं तुला. एक!"

परीक्षितनं ताटाकडे पाहिलं. चौदा वर्षं हे ऐकताना त्याला बरं वाटत आलं होतं, आणि त्याचीच त्याला लाज वाटायची.

"बाबा, ही आस्क्ड मी."

चौदा वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारी संघ नऊ धावांनी पुढे होता. शेवटच्या इनिंगआधी हॅगर्टी बाकापाशी आला आणि म्हणाला, जातोस का आत, की मुख्य कॅचर टॉरेसलाच संपवू देऊ? परीक्षितच्या तोंडातून आपोआप निघून गेलं, आय ॲम गुड, लेट हिम फिनिश. लहानपणी कुणाच्या घरी काही पुढं केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, लगेच हात पुढे करायचा नाही, दुसऱ्यांदा आग्रह झाला की घ्यायचं, असं आईनं बजावलेलं. तो आग्रहाची वाट पाहत राहिला. हॅगर्टी मान हलवून निघून गेला. वाईट माणूस नव्हता तो. त्यानं विचारलं, उत्तर मिळालं, विषय संपला.

"मला वाटलं, परत विचारेल," परीक्षित म्हणाला. "आणि संडेला तुम्ही येणारच होता."

इतकी वर्षं एका निरपराध माणसाला शिव्या घातल्याचं शशिकांतांना वाईट वाटलं, पण ते थोडंच. मुलगा हे एकटाच पोटात घेऊन हिंडला, हे जास्त लागलं. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आईला सांगू नकोस."

अहिल्याबाई गरम पुऱ्यांची ताटली घेऊन बाहेर आल्या. परीक्षितचं ताट रिकामं होतं.

"घेतोस अजून दोन?"

"नको, आई," तो सवयीनं म्हणाला.

"वाढ त्याला," शशिकांत म्हणाले. "विचारू नकोस गं. वाढ."

अहिल्याबाईंनी एकदा नवऱ्याकडे, एकदा मुलाकडे पाहिलं, आणि काही न कळता तीन पुऱ्या वाढल्या.