वहिनीने वाचलेले शेवट

ऑपरेशननंतर डोळ्याचा पडदा जागेवर बसेपर्यंत पालथं पडून राहायचं, मान वर करायची नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. दुसरा डोळा आधीच अधू. त्यामुळे नणंद उशीत तोंड खुपसून पडलेली असे, आणि तिच्या धाकट्या भावाची बायको, वहिनी, खाटेशी बसून तिला पुस्तकं वाचून दाखवी.

पुस्तकं नणंदेच्याच आवडीची, लायब्ररीतली, सगळी एका माळेचे मणी. सुट्टीला गेलेली बाई, हरवलेली बॅग, एक आगाऊ माणूस, आधी भांडण, मग हसणं, आणि आठवडा संपायच्या आत जन्माची गाठ.

"शेवट ठाऊक असतो म्हणून तर वाचायचं," नणंद म्हणायची. "जगात एवढी एकच गोष्ट फसवत नाही."

घरात याची थट्टा व्हायची. पण गेल्या सुट्टीत नणंद जन्मात पहिल्यांदा एकटी समुद्रकाठी गेली आणि होडीच्या तिकीटखिडकीत बसणाऱ्या एका विधुराने तिला उलट्या दिशेचं तिकीट दिलं. त्याच्याशी भांडून झालं, मग त्याच्याच डब्यातलं जेवून झालं. निघताना तो म्हणाला, "या इकडेच राहायला. लग्न करू." ती म्हणाली, "डोळ्याचं होऊ दे, मग सांगते."

ती गेली तर अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना, म्हणजे नणंदेच्या आईला, उचलणार कोण? आजवर ते नणंदेनेच केलं होतं. या दुखण्यात ते वहिनीवर आलं आणि तिची कंबर धरली. वहिनी आदळआपट करणारी नव्हती. आवाज तर असा मऊ, की ऐकणाऱ्याला झोप यावी.

"आणि तिने दार उघडलं," वहिनीने वाचलं. "दारात त्याची बायको उभी होती."

"काय?" उशीतून आवाज आला.

"असं लिहिलंय, वन्सं."

"या पुस्तकांत असं नसतं गं."

"पूर्वी नसेल. आता लिहिणाऱ्याही शहाण्या झाल्या असतील."

पुढच्या पुस्तकात त्याने तिचे दागिने विकले. त्यापुढच्यात विशेष काही घडलं नाही. एका सकाळी उजेडात त्याला तिचं वय दिसलं, एवढंच. हे वाचताना वहिनीने आवाज आणखी खाली आणला. नणंदेचं तोंड दिसत नव्हतं. मानेवरचे पांढरे केस तेवढे दिसत होते.

"वहिनी, त्यांना फोन लाव."

वहिनीने लावला आणि तिच्या कानाशी धरला.

"मला नाही जमायचं," नणंद उशीत म्हणाली. "पुन्हा फोन करू नका."

वहिनीने फोन पुसून जागेवर ठेवला. "चहा टाकू?"

पट्टी सुटली, नवा चष्मा आला. नणंदेने सगळ्यात आधी उशाशी पडलेल्या पुस्तकाचं शेवटचं पान काढलं. मग दुसऱ्याचं, तिसऱ्याचं. स्वयंपाकघरात वहिनी भांडी पुसत होती.

"दारात बायको नव्हती," नणंद म्हणाली. "तोच होता. तिची हरवलेली बॅग घेऊन."

वहिनीने ताट उलटं करून पुसलं. "मग करा की फोन. मी कुठे हात धरलाय?"

"काय सांगू त्यांना? पुस्तकात वेगळं होतं म्हणून?"

वहिनीला हसू आलं. ते तिने दाबलंही नाही. "वेड्यात काढतील. आणि खरं सांगू, वन्सं? माणसावर विश्वास ठेवायला जिला लायब्ररीची परवानगी लागते, तिने जाऊच नये."

आतून सासूबाईंनी हाक मारली. चादर ओली झाली होती. नणंदेने वजन उचलायचं नाही, नाहीतर डोळा जाईल, असं डॉक्टरांनी दोघींनाही बजावलं होतं. नणंद दारात थांबली. वहिनीने पुढचं ताट पुसायला घेतलं.

नणंदेने चष्मा काढून फळीवर ठेवला आणि आत गेली.

"पुस्तकं बदलून आणते हं," वहिनी मागून गोड आवाजात म्हणाली. "तीच आणू ना, सुट्टीतली?"

आतून "आई, माझ्या गळ्यात हात टाक," एवढंच ऐकू आलं, आणि मग खाट करकरली.