केशोरीचा रिबन माइक

केशोरी गावात पुष्पांजली शेतपंपाच्या मोटारी रिवाइंड करायची. त्यातून वेळ काढून तिने जुन्या काळच्या स्टुडिओत असायचा तसा रिबन माइक घडवला होता. पितळेची जाळीदार कुपी, आत दोन चुंबकं आणि त्यांच्या मधोमध ॲल्युमिनियमची पट्टी, कांद्याच्या सालीहून पातळ. आवाजाने ती थरथरते आणि तारेतून तोच आवाज पुढे जातो. किती पट्ट्या फाटल्या, हे तिचं तिलाच माहीत.

दिवाळीनंतर नागपूरहून हिमांशु आला. झाडीपट्टीच्या नाटकांतली जुनी पदं त्याला रेकॉर्ड करायची होती. ती गाणार होत्या कुंदाबाई आणि मंगली, दोघी जन्मभर रंगमंचावर जोडीनं गायलेल्या. पण रेकॉर्डिंगसाठी मिळालेल्या खोलीच्या बाजूलाच राईस मिल धडधडत होती. नवा धान आलेला, ती कोण थांबवणार? हिमांशुने दोघींना वेगवेगळ्या कोपऱ्यांत, भिंतीकडे तोंड करून, आपापल्या माइकसमोर बसवून हेडफोन लावले. तरी रेकॉर्डिंगमध्ये मिल येतच राहिली. शेवटी कुंदाबाईंनी हेडफोन काढून ठेवला.

"मंगलीचं तोंड नाही दिसत, तं मी कोनासंगं गाऊ?"

ऐकायला आलेली पुष्पांजली तशीच घरी पळाली आणि माइक घेऊन आली.

"खरी रिबन आहे?" हिमांशु उठूनच उभा राहिला. "म्हणजे पुढून-मागून ऐकणार आणि बाजूनं बहिरा!"

"म्हनूनच आनला. त्याची बाजू मिलकडे करा. या दोघी समोरासमोर बसतीन."

माइक मधे उभा राहिला. मंगलीने रंगमंचावरच्या सवयीने जाळीत जोरात फुंकर मारली. फू, फू! हिमांशुच्या हेडफोनमध्ये एक कडकडाट झाला, मग काहीच नाही. पट्टी फाटली होती.

"मीनं मोडला का वो?" मंगलीचा चेहरा उतरला.

"जाऊ द्या, मावशी. दुसरी लावते."

दुसरी एकच होती. पंखा बंद झाला. पुष्पांजलीने श्वास रोखून चिमट्याने पट्टी उचलली, एक टोक आवळलं, मग दुसरं. घाम नाकावरून ओघळत होता, पण हात हलला नाही. हेडफोनमध्ये पुन्हा आवाज आला आणि हिमांशुने मान डोलावली.

कुंदाबाईंनी मंगलीच्या डोळ्यांत पाहून सूर लावला. मंगलीने तो अलगद उचलला. दोघी पुढे झुकल्या, मागे सरल्या, मधेच हसल्याही, पण पद सोडलं नाही.

मग हिमांशुने स्पीकर लावला. मिलचा नुसता दूरचा गुणगुणाट, आणि त्यावर दोन भरदार, ऊबदार आवाज. मिलचे हमाल कोंड्याने माखलेले दारात येऊन उभे राहिले होते.

"आवं, हा तं माजाच आवाज," कुंदाबाई म्हणाल्या. "आजवर नाटकातल्या भोंग्यांनी कोनाचा ऐकवला मंग?"

सगळे हसले. हिमांशु पुष्पांजलीकडे वळला. "ताई, माझ्या स्टुडिओसाठी असे दोन बनवून द्याल?"

"देईन," ती ताठ मानेनं म्हणाली. "पन हा नाही भेटनार. हा केशोरीत राहीन."

"हो ना," मंगली म्हणाली, "आमची अजून लय पदं बाकी हायेत!"