नवव्या होलची फळी

वीरभद्रप्पा वकील घरी आले तेव्हा जानेवारी संपत आला होता. आमच्या गोल्फ क्लबचे ते सेक्रेटरी. चहा झाला, सुपारी झाली, थंडी कमी झाल्याचं बोलून झालं, तरी गृहस्थ मुद्द्यावर येईनात. शेवटी मीच म्हटलं, "वकीलसाहेब, माझ्या खेळण्याबद्दल बोलायला आलात ना? मग बोला की."

"अक्का, सभासदत्व चन्नवीरांचं होतं," ते रिकाम्या कपाकडे बघत म्हणाले. "बायकोला नवऱ्याच्या नावावर खेळता येतं. आता ते नाहीत. मार्चअखेरपर्यंत वर्गणी भरलेली आहे, तोवर या. पुढं मात्र... नियमच तसा आहे."

चन्नवीर माझा नवरा. रेल्वेत पुलांचा इंजिनियर होता. दिवाळीच्या तोंडावर छातीत कळ आली आणि गेला. लग्नानंतर लगेचच त्याने माझ्या हातात गोल्फची काठी दिली, आणि तेव्हापासून रविवारची सकाळ आम्ही होटगी रस्त्यावरच्या त्या माळावर काढत आलो. घरात तो ऑफिसची कामं घेऊन बसायचा. माझ्याशी मनमोकळं बोलायचा, भांडायचा, खिदळायचा तो फक्त माळावर. तो माळ बंद झाला असता तर मला नवरा दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं असतं. हे मी वकिलांना सांगितलं नाही. त्यांना मी एवढंच विचारलं, "दुसरी वाट नाही का?"

"आहे, पण ती तुमच्या कामाची नाही. ज्याचं नाव चषकावर कोरलं जातं तो आजीव सभासद. त्यासाठी मार्चमधला चषक जिंकावा लागतो."

"बाईनं चषकासाठी खेळू नये असं लिहिलंय का नियमात?"

वकील विचारात पडले. तसं लिहिलेलं नव्हतं. लिहिणाऱ्याच्या डोक्यातच ते आलं नसावं.

"मग झालं की," मी म्हटलं. "जिंकते."

त्यांना ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. मी थट्टा करत नव्हते, आणि उसनं अवसानही आणत नव्हते. त्या मैदानाच्या सगळ्या खोड्या मला ठाऊक होत्या, आणि त्या ठाऊक नसलेले पुरुष मी वर्षानुवर्षं काट्यांत चेंडू शोधताना बघत होते.

पुण्या-मुंबईचं हिरवंगार गोल्फ डोळ्यांसमोर आणू नका. आमचं मैदान म्हणजे मुरमाचा उघडा माळ, मार्चात फरशीसारखा टणक. त्याच्यावर चेंडू पडला की थांबत नाही, उंडारत सुटतो. पुरुषमंडळींना चेंडू आभाळात घालायची हौस. तो झकास उडायचा, सगळे वाहवा करायचे, आणि मग खाली पडून उड्या मारत बाभळीच्या काट्यांत गडप व्हायचा. चन्नवीर मला सांगायचा, "चेंडू पडतो कुठं ते बघू नकोस, थांबतो कुठं ते बघ." आमची सगळी विद्या एवढीच. मैदानाच्या एकेका टप्प्याला होल म्हणतात. पहिल्या होलला उतार उजवीकडे, म्हणून मी मारायची डावीकडे, भलत्याच दिशेला, आणि चेंडू घरी परतल्यासारखा आपोआप मधे यायचा. तिसरा होल रेल्वेच्या कुंपणाला लागून, सगळ्यांत लांब. कुंपणापलीकडे चेंडू गेला की दंड. तिथं तीन लहान फटके मारावेत हे शहाणपण, पण लहान काठी हातात घ्यायची पुरुषांना लाज वाटते. मला वाटत नसे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पाणी नाही म्हणून गवत नाही, आणि गवत नाही म्हणून चेंडू ज्या भोकात घालायचा त्याच्याभोवती वाळूत जळकं तेल कालवून थापलेलं गोल अंगण असतं. त्याला ब्राऊन म्हणतात. भोकाला आम्ही गल म्हणायचो, गोट्यांतल्यासारखं. ब्राऊनवर पावलं उमटतात, म्हणून शेवटचा फटका मारण्याआधी चेंडू आणि गल यांच्यामधल्या पट्ट्यावरून एक फळी ओढून वाळू सारखी करतात. एरवी हे काम माळी करतो. चषकाच्या अंतिम सामन्यात मात्र आमच्या क्लबची रीत अशी, की तुमची फळी तुमच्या प्रतिस्पर्ध्याने ओढायची. ओढणाऱ्याला काही बोलायचं नाही आणि नंतर वाळूला हात लावायचा नाही.

फेब्रुवारीत मी चषकाचे पहिले दोन सामने जिंकले. एक डॉक्टर, एक मिलचे मॅनेजर. दोघेही लांब मारणारे होते आणि दोघांच्याही पायजम्यांत काटे भरले. अंतिम सामन्यात माझ्यासमोर आले आबासाहेब. अकलूजकडचे मोठे बागायतदार, जीपमधून यायचे, गोल्फ पुण्याला शिकलेले आणि आमच्या माळावर नवे. आडदांड पण मोकळा माणूस. मला म्हणाले, "वैनी, तुमच्याशी खेळायचं म्हणजे मला लई अवघड वाटतंय बघा."

"वाटायलाच पाहिजे," मी म्हटलं.

सामन्याच्या दुपारी सासूबाई हट्टाने बरोबर आल्या होत्या. नाव गंगम्मा, मी त्यांना अत्ती म्हणते. हातात काळी छत्री, पायांत चन्नवीरचे जुने कॅनव्हासचे बूट. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. "त्या गलीत गोटी घालायची, एवढंच की," त्या वकिलांना म्हणाल्या, "त्यासाठी एवढी पायपीट कशाला?"

होल नऊ. ज्याचे फटके कमी, त्याचा तो होल. ज्याचे होल जास्त, त्याचा चषक. पहिला मी घेतला. चेंडू गलीपासून वीतभर होता, फळी लागलीच नाही. दुसरा त्यांनी घेतला. तिसऱ्यावर त्यांचा चेंडू कुंपणापलीकडे रुळांवर गेला आणि आबासाहेबांनी तो होल मला आपणहून सोडला. चौथा बरोबरीत सुटला. तोवर माझ्यासाठी फळी ओढायची वेळच आली नव्हती आणि सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं.

पाचव्यावर माझा चेंडू ब्राऊनवर आला तो गलीपासून जरा लांब. आबासाहेबांनी फळी उचलली, चेंडूपाशी टेकवली, गलीकडे ओढत नेली आणि गलीच्या तोंडाशी उचलली. झाडलोट करताना केर उंबऱ्याशी जमावा तशी पुढे ढकललेली वाळू तिथं जमली. मी मारला. सरळ सुटला चेंडू. गलीपाशी त्या वाळूच्या वरंब्यावर चढला, डावीकडे कलला आणि थांबला. होल गेला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. बोलायची सोय नव्हती. अत्तींना मात्र क्लबची रीत लागू नव्हती. त्या कानाशी येऊन फणकारल्या, "ह्यानं ढेकूळ ठेवलं की ग तोंडाशी! सारवताना असं करत्यात व्हय? लांबनं सुरू करून आपल्याकडं यायचं असतंय."

त्या बरोबर बोलत होत्या. फळी गलीपासून चेंडूकडे ओढायची, म्हणजे जमलेली वाळू चेंडूच्या मागे जाते. आमच्या माळावर हे सगळ्यांना माहीत होतं. आबासाहेबांना माहीत नव्हतं की मुद्दाम केलं, हे मला कळेना. त्यांच्यासाठी मी फळी ओढायची तेव्हा ते पाठ फिरवून त्यांच्या मंडळींशी गप्पा मारत असायचे. बघितलं असतं तर शिकले असते. रागाच्या भरात सहावाही मी घालवला. मग स्वतःलाच दटावलं, की बाई, फळी लागणारच नाही इतक्या जवळ चेंडू टाक. सातव्यावर तसाच टाकला आणि तो होल घेतला. आठवा सुटला बरोबरीत. तीन माझे, तीन त्यांचे. आता उरला नववा.

नववा होल माझा सगळ्यांत आवडता. ब्राऊनच्या अलीकडे कोरडा नाला आडवा जातो, पलीकडे बाभळी. पुरुषांना वाटतं नाला ओलांडला की जिंकलो. पण नाला ओलांडण्याइतका जोर लावलेला चेंडू त्या मुरमावर थांबणार कसा? नाल्याच्या अलीकडे थांबायचं आणि मग लहान काठीने हलकेच उचलून पलीकडे ठेवायचा, हा आमचा जुना बेत. मी तसंच केलं. तिसऱ्या फटक्याला माझा चेंडू ब्राऊनवर येऊन बसला, गलीपासून चार पावलांवर.

आबासाहेबांनी दुसऱ्याच फटक्यात नाला पार केला. त्यांच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच चेंडू ब्राऊनवरून घरंगळत मागच्या बाभळीत शिरला. तिथून त्यांनी तो शाबूत बाहेर काढला, हे मान्य करायला हवं. तेही तिसऱ्यात ब्राऊनवर, पण पार दुसऱ्या कडेला. त्यांचा चेंडू लांब, म्हणून आधी त्यांनी मारायचा. आणि त्यांची फळी मी ओढायची.

मी फळी उचलली. अत्ती छत्री टेकत शेजारून गेल्या आणि पुटपुटल्या, "त्यानं केलं तसंच कर. ठेव ढेकूळ."

खोटं कशाला सांगू, मी फळी नेऊन त्यांच्या चेंडूपाशीच टेकवली. तिथून गलीकडे ओढली असती तर कुणी अवाक्षर काढलं नसतं. त्यांनी तेच केलं होतं. पण मग जन्मभर त्या माळावर जाताना प्रत्येक वेळी तो वरंबा मला दिसला असता, आणि ज्याच्यासाठी मला तिथं जायचं होतं त्याच्याशी मी काय बोलणार होते? शिवाय सगळा चांगुलपणाच होता असंही नाही. मला माझ्या मैदानाची खात्री होती. नवव्याचं ब्राऊन कडुलिंबाच्या झाडाखाली आहे. दुपार कलली की त्याच्यावर सावली येते, तेल घट्ट होतं, वाळू जड होते. बाकीच्या आठ ब्राऊनांवर उन्हात जो चेंडू पळतो, तो इथं रेंगाळतो. आबासाहेबांना हे माहीत असायचं कारण नव्हतं.

मी फळी उचलली, गलीपाशी गेले, आणि तिथून त्यांच्या चेंडूकडे सावकाश, दोन्ही हातांनी, सरळ ओढत आणली. पट्टा आरशासारखा झाला. या वेळी आबासाहेबांनी पाठ फिरवली नव्हती. त्या फटक्यावर चषक अडकला होता ना. ते माझ्या हातांकडे टक लावून बघत होते, आणि बघता बघता त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी एकदा गलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. पाचव्यावर काय झालं ते त्यांना त्या क्षणी कळलं, आणि त्यांनी ते मुद्दाम केलं नव्हतं हे मला.

त्यांनी मारला. दिशा अगदी बरोबर. जोरही बरोबरच, पण उन्हातल्या ब्राऊनचा. चेंडू गलीच्या अलीकडे वीतभर थांबला. आबासाहेब तसेच वाकलेले राहिले.

आता माझी पाळी. घातला तर चषक, चुकला तर बरोबरी आणि पुन्हा पहिल्यापासून, दमलेल्या पायांनी, त्या तगड्या माणसाशी. आबासाहेबांनी फळी घेतली. ते थेट गलीपाशी गेले, खाली बसून तिथली वाळू नीट पाहिली, आणि गलीपासून माझ्या चेंडूकडे फळी ओढत आले, सावकाश, दोन्ही हातांनी, जशी मी ओढली होती तशी. एक कणही वाटेत ठेवला नाही. फळी बाजूला ठेवून ते टोपी काढून उभे राहिले.

मी उन्हात मारते त्यापेक्षा जरा जोरात मारला. चेंडू त्या पट्ट्यावरून गेला आणि गलीत पडला. पडल्याचा आवाज आला, एवढं मला आठवतं. मग वकिलांनी दोन्ही हात वर केले आणि आबासाहेबांच्याच माणसांनी आधी टाळ्या वाजवल्या.

आबासाहेब जवळ आले. "वैनी, पाचव्याबद्दल मी काय बोलू? तिकडं पुण्याला गवतावर शिकलो, फळीचं ठाऊकच न्हाय मला."

"कळलं मला," मी म्हटलं. "मघाशीच कळलं."

"पण एक सांगा की. माझा चेंडू थांबला कशानं? मी तर बरोबर मारला होता."

मी त्या लिंबाकडे मुळीच पाहिलं नाही. हसले फक्त. "पुढच्या वर्षी विचारा, आबासाहेब. मी इथंच असणार आहे."

ऐटीत बोलले मी ते, चिडवायला. आणि माझेच शब्द माझ्या कानांवर पडले. मी इथंच असणार आहे. चन्नवीर गेल्यापासून दिवसकार्यात नाही, बाराव्याला नाही, लोकांच्या समाचाराच्या बोलण्यांत नाही, एकदाही मला मनासारखं रडू आलं नव्हतं. ते आता आलं. मी ब्राऊनच्या कडेला मुरमात बसले आणि ढसाढसा रडले, सगळ्यांच्या देखत. आबासाहेब टोपी हातात घेऊन गोंधळून उभे. वकील धोतराच्या सोग्याने चष्मा पुसायला लागले.

अत्ती छत्री टाकून धावत आल्या. माझं डोकं पोटाशी धरलं, पाठीवरून हात फिरवायला लागल्या. "असू दे ग, असू दे," त्या म्हणाल्या, "गोटी तर गेली की आत! मग हरलीस कशी?"

"हरले नाही, अत्ती," मी त्यांच्या पदरातच म्हटलं. "रविवारी परत यायचंय आपल्याला."

त्यांचा हात पाठीवर थांबला. "आपल्याला?" त्यांनी विचारलं.

"हो, आपल्याला."

मग त्याही माझ्याशेजारी मुरमात बसल्या, आणि रडायला लागल्या.