पाण्याची नळी

साध्या पाण्याच्या नळीतही विषाणू दिसला, तेव्हा रत्नमाला खिल्लारे खुर्चीतून उठलीच.

दुसऱ्या लाटेचे दिवस होते. उस्मानपुऱ्यातल्या त्या खासगी प्रयोगशाळेत नवे रसायन आले होते. घशाच्या नमुन्यातून विषाणूचा जनुकीय अंश वेगळा काढायला पूर्वी दीड तास लागायचा. आता रसायन घालून पाच मिनिटे तापवले की भागायचे. दर खेपेला त्र्याण्णव नमुने आणि खातरजमेसाठी एक नळी नुसत्या पाण्याची. ती कोरीच निघायला हवी. आज निघाली नव्हती. म्हणजे घाईत कुठेतरी एका नळीतला थेंब दुसरीत उडाला होता, आणि नळ्या भरणारे हात रत्नमालाचेच होते.

"एकसष्ट पॉझिटिव्ह. पाठवून द्या," प्रमुख डॉक्टर अभय म्हणाले. "पाचपर्यंत आकडा हवाय वर."

"सर, पाणीच पॉझिटिव्ह आलंय. सगळी खेप बाद. चूक माझी हाये, पण सही नाय करणार मी."

"अहो, बिघडलं काय? चौदा दिवस घरी बसतील लोक."

"समदेच घरी नाय बसत." तिने काचेबाहेर बोट दाखवले. बाकावर पैठणकडचा कडुबा बसला होता. त्याची बायको भामाबाई मांडीचे हाड मोडून सकाळपासून दवाखान्याच्या व्हरांड्यात पडली होती. रिपोर्टाशिवाय तिला कुठल्या वॉर्डात घ्यायचे ते ठरत नव्हते. "चांगल्या बाईला कोविड वॉर्डात टाकतील. तिथून ती जिती येईल, अशी सही तुम्ही करता का?"

"अठरा वर्षांत असं कधी बोलल्या नाहीत तुम्ही!"

"अठरा वर्षांत पाणी कधी पॉझिटिव्ह आलं नव्हतं, सर."

फ्रीजमधले त्याच लोकांचे उरलेले नमुने काढायला मदतनिसाला सांगून ती बाहेर आली. "काका, माझ्या हातून चूक झाली. परत करते. दोन तास लागतील."

"व्हय माय, पर ती लई कन्हायलीय."

"ठाऊक हाये. तरी दोन तास."

या वेळी तिने एकेक नळी उघडून, भरून, बंद केल्याशिवाय दुसरीला हात लावला नाही. पाच वाजून गेले. फोन वाजत राहिला. शेवटी पाणी कोरे आले. एकसष्टाचे एकोणीस झाले. भामाबाई निगेटिव्ह होती. कडुबा कागद घेऊन पळतच सुटला. आभार मानायलाही थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र आले. नमुने खराब केले, उशीर केला, वरिष्ठांचा आदेश डावलला. आजपासून नमुने घेण्याच्या खिडकीवर बसावे. रत्नमालाने ते उभ्यानेच वाचले. पहिल्या दोन ओळींपुढे तिने 'मान्य' लिहिले. तिसरीपुढे लिहिले, 'डावलला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा डावलीन.' खाली पूर्ण नाव घातले: रत्नमाला रामकिसन खिल्लारे.

खिडकीबाहेर रांग फाटकापर्यंत गेली होती. तिने खुर्ची पुढे ओढली.

"या. मास्क खाली घ्या. आ करा... अजून मोठा."